गोमतीचा सोता आणि न चाललेली तीनशे पावलं

माझ्या नोकरीतली निम्मी वर्षं मी चाललो आणि उरलेली निम्मी, जिथे चाललो त्याचे कागद भरले. सरकारी नकाशे करणाऱ्या खात्यात मी सर्वेअर होतो. लोकांना वाटतं, नकाशा काढणारा माणूस टेकडीवर उभा राहतो, डोळ्याला दुर्बीण लावतो आणि खालचं सगळं कागदावर उतरवून मोकळा होतो. टेकडी कुठली आणायची हो? लखनऊच्या आसपास उंच म्हणजे वीटभट्टीचं धुराडं. इथे सगळं चालूनच बघावं लागतं. आमचे जुने साहेब म्हणायचे, नदी काढायची असेल तर आधी ती पायाखाली घाला, मग पेन्सिल हातात घ्या. उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस या धंद्यात टिकत नाही. निदान टिकू नये.

मी मूळचा अमरावतीकडचा. बदलीवर लखनऊला आलो तेव्हा तीन वर्षांत परत जाऊ असं बायकोला सांगितलं होतं. सुषमा अजून अधूनमधून विचारते, "अहो, ती तीन वर्षं संपली का?" मुलगी इथेच वाढली. आम्ही मराठीत बोलतो, ती हिंदीत उत्तर देते, आणि भांडण मात्र इंग्रजी धरून तिन्ही भाषांत होतं.

आमच्याकडे येणारी गिऱ्हाइकंही एकेक नमुने. एकदा एक निवृत्त अधिकारी नकाशाची गुंडाळी घेऊन तणतणत आले. म्हणाले, तुमच्या माणसाने माझं घर तळ्यात दाखवलंय. मी जुनी शीट काढून समोर ठेवली आणि म्हटलं, "सर, तालाब पहले से था. घर आप बाद में लाए." ते निघून गेले. मला फार आनंद झाला. असे आनंद आमच्या नोकरीत वर्षातून एखाददुसरेच, म्हणून सांगितलं.

आता बाहेरच्या माणसाला एक गोष्ट समजावून सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. आमच्या नकाशात ज्या प्रवाहात बारमाही पाणी, तो निळा. जो उन्हाळ्यात आटतो, तो काळा. बस, एवढंच. पण त्या रंगावरून पुढे कोण काय ठरवेल, याचा नेम नाही. पूल कुठे हवा, जमीन कोणाची, मोरी पुरेल की नाही, सगळे आधी नकाशा उघडतात आणि रंग बघतात.

बख्शी का तालाब नावाच्या गावाच्या पश्चिमेला, शहराच्या बरंच वर, गोमती एक मोठं वळण घेते. त्या वळणात एक बेट आहे. तिकडे टापू म्हणतात. नदीत बेट तयार होतं त्याची गोष्ट फार साधी असते. पुरात कुठलं तरी झाड वाहत येतं, अडकतं, त्याच्या आडोशाला गाळ बसतो. गाळात कांस नावाचं उंच गवत उगवतं, कांस आणखी गाळ धरतं, आणि पाच-दहा पावसाळ्यांत माणूस कुदळ घेऊन येतो. या टापूच्या पश्चिमेने मोठी नदी जाते आणि पूर्वेने, गावाच्या बाजूने, एक अरुंद फाटा. त्या फाट्याला ते लोक सोता म्हणतात. रुंदी म्हणाल तर धडधाकट माणसाने फेकलेला दगड सहज पलीकडे जाईल एवढी. दोन्ही काठांवर जांभळीची झाडं वाकलेली, त्यामुळे वरून पाहिलं तर पाणी दिसतच नाही. गावाचं खरं नाव सांगत नाही, नयापुरवा म्हणू.

तिथे मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तरुण होतो आणि अंगात मस्ती होती. एप्रिल महिना होता. गावातला बच्चूलाल नावाचा, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा गडी मला वाट दाखवायला आला. टापूवर खरबूज आणि काकडी लावणाऱ्या चौदा कुटुंबांचा तो पुढारी. सोता ठणठणीत कोरडा होता. बच्चूलालने पात्रात उभं राहून टाच घासली. म्हणाला, "देखिए साहब, धूल उड़ रही है."

धूळ उडालीच. नियमाप्रमाणे मी आणखी तिघांना वेगवेगळं गाठून विचारलं. तिघेही म्हणाले, सूखा नाला है, बरसात में दो-चार दिन पानी आता है. काठावर बाभळीखाली एक होडी पालथी घातलेली होती. मी म्हटलं, कोरड्या नाल्यावर होडी कशाला रे? होडीकडे बघत बच्चूलाल म्हणाला, "शादी में मिली थी, साहब."

मी हसलो. अन् तिथेच फसलो बापा! खरं तर मला संशय यायला हवा होता. गोमती हिमालयातली नव्हे. ती तराईतल्या तळ्यातून निघते आणि वाटेत जमिनीतल्या झऱ्यांवर जगते. अशी नदी उन्हाळ्यात बारीक होते, पण तिचा फाटा असा फुफाट्यासारखा कोरडा पडत नाही. हे मला ठाऊक होतं. परीक्षेत मार्क मिळवले होते त्याच्यावर.

नियम असा की प्रवाह तोंडापासून तोंडापर्यंत चालायचा, म्हणजे जिथे तो नदीतून फुटतो तिथपासून जिथे परत मिळतो तिथपर्यंत. मी खालून सुरुवात केली. अर्ध्याहून जास्त चाललो. दुपार झाली. बच्चूलालच्या घरच्यांनी जांभळीच्या सावलीत जेवण मांडलं होतं: रोट्या, लसणाची चटणी, गार काकड्या आणि मोठा लोटाभर कैरीचं पन्हं. जेवलो, जरा आडवा झालो. उठलो तेव्हा वरच्या तोंडापर्यंत तीनशे पावलं राहिली होती. फार तर साडेतीनशे. ऊन मी म्हणत होतं. पुढे सगळं सारखंच दिसत होतं. म्हटलं, जाऊ दे, काय वेगळं असणार? शेवटचा तुकडा बसल्या जागेवरून डोळ्यांनी काढला आणि सोत्याला काळी रेघ दिली.

पुढे वर्षं गेली. शेतात मांडून नकाशा काढायचं टेबल गेलं, जीपीएस आलं, उपग्रहाचे फोटो आले. पण फोटोतही सोता झाडांखाली, आणि बघायला मिळाले ते फोटो उन्हाळ्याचे, कारण तेव्हा आकाश स्वच्छ असतं. नव्या शीटवाल्याने जुनी शीट पाहिली, काळी रेघ उचलली, पुढे चालू. माझ्या एकाही शीटवर कधी दुरुस्ती आली नाही, याची मी फुशारकी मारत असे. सुषमा म्हणायची, "त्याचा अर्थ कोणी तपासून पाहिलं नाही, एवढाच." मला राग यायचा.

निवृत्तीला वर्ष राहिलं असेल. हज़रतगंजजवळच्या आमच्या ऑफिसात एक बाई आली. निळ्या काठाची साडी, खांद्याला पिशवी, चप्पल चिखलाने भरलेली. नाव सावित्री. गावात आशा म्हणून काम करते, म्हणजे गरोदर बायकांना दवाखान्यात न्यायचं, पोरांना लशी टोचून आणायच्या, ते काम. नयापुरव्याची, बच्चूलालची सून. तिने एक कागद माझ्यापुढे ठेवला. गावाने सोत्यावर पायी जाण्यापुरता पूल मागितला होता. अर्ज परत आला होता. शेरा असा की नकाशाप्रमाणे सदर ठिकाणी बारमाही जलप्रवाह नाही, सबब पुलाची गरज दिसत नाही.

"बाबूजी," ती म्हणाली, "आपके नक़्शे में पानी नहीं है. हमारे यहाँ नौ महीने गले तक है."

आता टापूवर लोक नुसती शेती करत नव्हते, राहायलाही गेले होते. गेल्या श्रावणात एका पोरीला होडीतून आणताना मध्येच बाळंतपण झालं. सावित्रीने होडीतच केलं. दोघी वाचल्या. ते सांगताना तिचा आवाज जराही हलला नाही, पण हात मात्र पिशवीचा बंद पिळत होते. म्हणाली, अजून दोघी आहेत, एक चैतात, एक पावसाळ्याच्या तोंडाला. चैतवालीची काळजी नाही.

आणि मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "नक़्शा ग़लत नहीं है. मैंने ख़ुद बनाया है."

मला अजून लाज वाटते त्या वाक्याची. ती भांडली नाही. "अच्छा," म्हणाली आणि गेली. पुढच्या आठवड्यात परत आली, त्याच्या पुढच्या आठवड्यात परत. बस बदलून, ऑटो बदलून, अर्धा दिवस मोडून. तिसऱ्या खेपेला बसलीसुद्धा नाही. म्हणाली, "आप एक बार देख लीजिए. फिर जो काला-नीला करना हो, कीजिए."

नाकाला मिरच्या झोंबल्या, पण गेलो. नोव्हेंबर होता. ज्या जांभळीखाली मी जेवून झोपलो होतो, तिच्या बुंध्याला पाणी लागलं होतं. निवांत, हिरवट, संथ सरकणारं पाणी, आणि त्यातून दप्तरं डोक्यावर धरून होडीत उभी असलेली पोरं. मी काठी टाकून खोली घेतली. छातीभर, मध्ये गळाभर. सावित्री काठावर उभी होती. जिंकल्यासारखी दिसत नव्हती, फक्त बघत होती मी वहीत काय लिहितो ते.

मग बच्चूलालकडे गेलो. तो आता सत्तरीला टेकला होता, अंगणात खाटेवर. मला पाहिल्याबरोबर उठायला लागला. हात धरला आणि सोडेचना. मी सरळ विचारलं, त्या वर्षी पाणी कुठे गेलं होतं? तो लहान पोरासारखा हसला. होळी झाली की गाव मिळून सोत्याचं वरचं तोंड बांधतं. कांसाच्या पेंढ्या, माती, वाळूची पोती. कोवळ्या वेली बुडू नयेत आणि पायी ये-जा करता यावी म्हणून. जूनमध्ये फळ निघालं की तोंड फोडतात. त्याच्या आजोबांपासूनची रीत. मी आलो तेव्हा त्यांनी ते मला सांगितलं नाही, एवढंच.

"पण का?"

कारण जमीन. चहूकडून नदीने वेढलेली जमीन नदीची, म्हणजे सरकारची. तिचा पट्टा, म्हणजे कसायचा हक्क, फार तर वर्षाचा. काठाला जोडलेली जमीन मात्र गावाची, तिचा पट्टा कायमचा मिळू शकतो. नकाशात सोता काळा झाला, टापू गावाला चिकटला, आणि चौदा कुटुंबांना पट्टे मिळाले. त्यावर त्यांनी मुलं शिकवली, लग्नं केली. सावित्रीची नर्सिंगची फीसुद्धा त्या खरबुजांतूनच गेली होती.

मग बच्चूलाल जे बोलला त्याने मी गार पडलो. म्हणाला, त्या दिवशी सकाळपासून सगळ्यांची नजर साहेबाच्या पायांवर होती. साहेब वर तोंडाशी जाणार, बांध बघणार, मग खेळ खलास. "पर आप खाना खाके उठे, ऊपर की तरफ़ देखा, और लौट गए. हम समझ गए. आप जान गए थे, साहब. ग़रीब आदमी पर दया कर दी."

गावातल्या पोरांना ही गोष्ट सांगतात म्हणे. एक मराठी साहेब आला होता, त्याने बघूनसुद्धा बघितलं नाही.

मी काहीच बोललो नाही. बोलायला हवं होतं. पण तीस वर्षं कोणीतरी आपल्याला देवमाणूस म्हणतंय हे ऐकायला फार गोड लागतं हो. मी मान खाली घातली, आणि त्याला तो माझा विनय वाटला.

पुढे बच्चूलालने हात जोडले. आता निळी रेघ काढू नका. पट्टे जातील. सावित्री तिथेच चूल पेटवत होती. ती उठून आली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि सासऱ्याला म्हणाली, "बाबू, ज़मीन साल-साल की मिलेगी तो साल-साल फ़ॉर्म भर देंगे. मैं भर दूँगी सबका. जान का फ़ॉर्म कहाँ मिलता है?" बच्चूलाल चिडला. म्हणाला, तू आलीस तेव्हा इथे ताटात वाढायला होतं ते त्या काळ्या रेघेमुळे. ती म्हणाली, मान्य. दोघंही खरं बोलत होते. मला वाटलं, एकाने तरी खोटं बोलावं म्हणजे माझं सोपं होईल.

घरी येऊन सुषमाला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "म्हणजे तुम्ही ऊन लागतं म्हणून परत फिरलात, आणि ते तिकडे तुमची आरती करतात?"

"तसंच काहीसं."

"मग सांगितलं का नाही त्यांना?"

मुलगी आतून ओरडली, "पापा, इट्स सो एम्बॅरेसिंग, यार!" आमच्या घरात कोणीही कोणाची बाजू घेत नाही, ही जुनी परंपरा आहे.

मी परत गेलो. ऑफिसची गाडी घेऊन नव्हे, बसने. आणि सोता खालच्या तोंडापासून वरच्या तोंडापर्यंत चाललो, काठाकाठाने, बाभळीचे काटे खात. वर पोचलो तेव्हा जुन्या बांधाची सडकी पोती गाळात दिसली. तीनशे पावलांचा माझा अंदाजसुद्धा चुकला होता, चारशेच्या वर भरली. मग दुरुस्तीचा कागद भरला. त्यात एक रकाना असतो: चूक कशामुळे झाली. त्या रकान्यात मी पाहिलेले सगळे लोक लिहितात, नदीने पात्र बदलले. नदी बिचारी, तिला कुठे खुलासा द्यायचा असतो! मलाही ते लिहायचा मोह झाला. पेन बराच वेळ हातात धरून बसलो. शेवटी लिहिलं, वरचा भाग प्रत्यक्ष चाललो नाही, अंदाजाने काढला. खाली सही केली. आमचे तरुण साहेब म्हणाले, "सर, रिटायरमेंट के टाइम ये सब क्यों?" मी म्हटलं, त्यानंतर कोण विचारणार?

रेघ निळी झाली. जे व्हायचं ते झालं. लेखपाल, म्हणजे तिकडचा तलाठी, आला, सुनावण्या झाल्या, चौदा कुटुंबांचे कायमचे पट्टे गेले आणि त्या जागी दर वर्षी नवा करायचा पट्टा आला. शेती सुटली नाही, पण हक्क सुटला. हे माझ्यामुळे झालं. आधी मिळालं तेही माझ्यामुळे, गेलं तेही. पुलाचा अर्ज पुन्हा गेला आणि या खेपेला मंजूर झाला. पावसाळ्यातली ती पोरगी मात्र होडीतूनच गेली, पूल तोवर झाला नव्हता. सुखरूप गेली. सावित्रीने फोन करून कळवलं, मी आणि सुषमाने उगाचच शिरा केला.

पूल झाला तेव्हा मी निवृत्त झालो होतो. सावित्रीने बोलावलं म्हणून गेलो. पूल अगदी साधा, एक मोटारसायकल जाईल एवढा. पोरं विनाकारण इकडून तिकडे आणि तिकडून इकडे पळत होती. सावित्रीच्या हातात चौदा फॉर्मांची फाइल होती, ती त्या दिवशीसुद्धा कोणाचा तरी अंगठा घ्यायला निघाली होती.

बच्चूलालला खाटेसकट पुलाशी आणून ठेवलं होतं. मी त्याच्याजवळ बसलो. मला वाटलं होतं तो तोंड फिरवेल. छे! म्हणाला, "इस बार ऊपर से दबाव रहा होगा, साहब. आपका हाथ बँधा होगा. नहीं तो आप ऐसा करते?"

तेव्हा मात्र मला राहवलं नाही. मी म्हटलं, बच्चूभाई, दबाव कोणाचाही नव्हता. ही रेघ मी माझ्या मनाने काढली. आणि त्या वेळची ती दयाही नव्हती. मला काही म्हणजे काहीच माहीत नव्हतं. ऊन होतं, पोट भरलं होतं, कंटाळा केला. चार पावलं चाललो नाही, एवढंच.

त्याने माझ्याकडे पाहिलं. डोळे पाण्याने भरले की ते वयामुळे तसेच होते, सांगता येत नाही. मग त्याने आजूबाजूला पाहिलं, कोणी ऐकत नाही ना. माझा हात ओढून मला जवळ घेतलं आणि कानाशी म्हणाला, "ये बात यहाँ किसी से मत कहिएगा, साहब. गाँव में आपकी बड़ी इज़्ज़त है."

मी त्याला शब्द दिला. म्हणून इतकी वर्षं लखनऊत राहूनसुद्धा हे मराठीत लिहितो आहे.